डोकी मोजून आमचा हिशेब लागणार नाही

महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेल्या एका गावात मी १९८९ पासून २०२३ पर्यंत शाखा डाकपाल होतो. गाव मला पोस्टमास्तर म्हणतं. नोकरीला लागलो तेव्हा गिरण्यांचा संप होऊन सात वर्षं झाली होती, तरी दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत परळ-लालबागहून मनीऑर्डरी यायच्याच. गिरणी सुटलेले कोणी गोदीत, कोणी हॉटेलात, कोणी रात्रपाळीचे रखवालदार म्हणून चिकटले होते. दीडशे रुपये, दोनशे रुपये. फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळींचा मजकूर असायचा आणि तो वाचून दाखवणं हेही माझंच काम. "पैसे पावल्याचं कळव. पाडव्याला येत नाही, गणपतीला येतो."

निवृत्त होताना माझ्यासमोर तीच माणसं बसत होती. तेव्हाच्या तरण्या सुना आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. पैसे मुलाऐवजी शासनाकडून येत होते, कोणाला श्रावणबाळचे, कोणाला संजय गांधी निराधारचे, आणि मी सहीऐवजी यंत्रावर अंगठा घेत होतो. त्यांच्यासाठी हे पत्र लिहितो आहे. त्यांनी मला तसं सांगितलेलं नाही, पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता येत नाही आणि मला येतं.

आमच्या वाडीत ३१ घरं. त्यातली १९ कुलूपबंद, गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी. उरलेल्या १२ घरांत २३ माणसं राहतात, त्यातली १७ साठीच्या पुढची. पाच घरांत एकेकटी बाई. शाळेत जाणारी मुलं दोन, दोन्ही एकाच घरातली.

ही एका वाडीची रड म्हणून बाजूला ठेवू नये. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून साडेआठ लाखांच्या आत. साथ आली नव्हती, दुष्काळ पडला नव्हता, तरी एकट्या रत्नागिरीत ८१ हजारांहून अधिक माणसं कमी झाली. ती कुठे गेली हे आपण जाणता. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा याच काळात ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर पोचला. दिवा, नालासोपारा, विरार इथल्या चाळींत आणि इमारतींत आमची अर्धी गावं राहतात.

रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हा २०११ चा आकडा भाषणांतून कौतुकाने सांगितला जातो. कृपा करून तो असा सांगू नये. पुरुष मुंबईला गेले म्हणून तो फुगलेला आहे. त्याच जनगणनेत राज्यातल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण हजार मुलग्यांमागे ९१३ वरून ८९४ वर घसरलेलं दिसलं, बीडमध्ये तर ८०७. मुलींच्या सन्मानाबद्दल बोलायचं तर सभागृहाने त्या आकड्याबद्दल बोलावं.

कुटुंब लहान ठेवा, हे आम्हाला महाराष्ट्रानेच शिकवलं. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे र. धों. कर्वे आमच्याच जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या मुरूडचे. त्यांनी समजावून सांगितलं, लोकांची निंदा सोसली. पुढे शासनाला समजावण्याइतका धीर राहिला नाही. १९७६ साली आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, आणि महाराष्ट्र एका मोठ्या पापातून वाचला. तरीही लोकांनी आपण होऊन ऐकलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२० साली, महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं असल्याचं दिसलं. पिढी जागच्या जागी राहायला २.१ लागतात. म्हणजे जे साधायचं होतं ते साधून पुष्कळ दिवस झाले. शासनाचे निकष मात्र अजून वाढत्या लोकसंख्येचेच आहेत, आणि माझं सगळं गाऱ्हाणं इथे आहे.

आरोग्य उपकेंद्र डोंगराळ भागात ३ हजार माणसांमागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र २० हजारांमागे एक. आशाताई हजारामागे एक. शाळेतला शिक्षक पटावर, गाडीची फेरी भारमानावर, म्हणजे किती जागा भरतात त्यावर, ग्रामपंचायतीचा निधी मुख्यतः डोक्यांवर. माणसं वाढली की गरज वाढते आणि माणसं घटली की गरज घटते, असं यात धरून चाललेलं आहे. रिकाम्या होत जाणाऱ्या गावात मी चौतीस वर्षं याच्या उलट पाहिलं. माणसं कमी होतात तशी मागे उरलेल्या प्रत्येकाची गरज वाढते, कारण जे काम पूर्वी शेजारी करत असे ते करायला शेजारीच उरत नाही.

एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या वरच्या घरातली म्हातारी परड्यात पाय घसरून पडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, खुबा मोडलेला. आमच्या वाडीपर्यंत गाडी येत नाही, शेवटचा चढ पाखाडीचा, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेचा आहे. पूर्वी असं झालं की डोली बांधायची, चार गडी खांदा द्यायचे, चार मागे बदलीला चालायचे आणि अर्ध्या तासात माणूस रस्त्याला लागायचा. त्या दिवशी वाडीत उठून उभे राहू शकतील असे पुरुष आम्ही तिघे होतो आणि तिघांचं वय मिळून दोनशेच्या वर. शेवटी मी उतरून फाट्यावर गेलो. तिथे रस्त्याच्या कामावर झारखंडची पोरं होती. भाषा येत नव्हती, मी हातवारे केले. चौघे काम टाकून वर आले, म्हातारीला खुर्चीत बसवून पावसात खाली घेऊन गेले, पैसे दिले तर घेतले नाहीत. त्यांची नावंसुद्धा आम्हाला नीट कळली नाहीत. त्यांचेही आईबाप असेच कुठल्या तरी गावात एकटे असतील, हे रात्री घरी आल्यावर माझ्या मनात आलं आणि झोप लागली नाही.

तर या वाडीत उपकेंद्राचं माप कसं लावायचं? तेवीस माणसं म्हणजे कुठल्याच तक्त्यात काही नाही. पण त्यातली सतरा म्हातारी आणि रस्ता पाखाडीच्या खाली, हे धरलं तर वेगळंच चित्र दिसतं. मी आपल्याकडे मागतो आहे ते एवढंच: लोकसंख्येबरोबर वय आणि अंतर या दोन गोष्टी निकषात घाला.

शाळेचंही बोलतो, कारण त्यावरून आमच्याकडे फार तापतं. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या साडेचौदा हजारांहून अधिक शाळा असल्याचं २०२३ साली पुढे आलं आणि अशा शाळांतली मुलं एका मोठ्या शाळेत आणायची, ही समूह शाळांची कल्पना निघाली. दोन मुलांच्या शाळेत मुलांचंही नुकसान होतं, हे मी मान्य करतो. खेळायला जोडीदार नाही, कवायतीला रांग नाही. पण शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत देण्याचा शब्द दिला आहे, आणि डोंगरातला एक किलोमीटर पावसाळ्यात पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे असतो. गाडीची पक्की सोय आधी आणि शाळा हलवणं नंतर, हा क्रम उलटू नये. आणि शाळा हललीच, तर ती इमारत कुलूप लावून पडीक ठेवू नका. पाण्याची टाकी आहे, स्वयंपाकाची खोली आहे, मुलांची खिचडी शिजवलेल्या बाईचे हात अजून गावात आहेत. तिथे म्हाताऱ्यांसाठी एक वेळचं जेवण शिजू द्या. आठवड्यातून एक दिवस नर्सताई बसू देत, रक्तदाब बघू देत, औषधाच्या गोळ्या वाटू देत. एकटी बाई स्वतःपुरतं शिजवत नाही, चहा आणि शिळ्या भाकरीवर दिवस काढते. हे मी घरोघर टपाल देताना चुलीकडे बघून सांगतो आहे.

आता पैशांचं. जुलै २०२४ पासून आपण मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू केलीत. २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. या पैशाने आमच्याकडच्या बायकांच्या हाताला पहिल्यांदा स्वतःचं काही लागलं, हे मी मनापासून सांगतो. पण ज्या दिवशी तिला ६५ पूर्ण होतात त्या दिवशी ती या योजनेतून बाहेर पडते. पुढे तिच्यासाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. रक्कम तीच, १५०० रुपये. उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. बाई तीच, घर तेच, चूल तीच. हात चालेनासे होतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, औषधाचा खर्च सुरू होतो, नेमकी तेव्हा मदतीची अट जवळजवळ बारापट कडक होते. असं करायचं कोणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही. दोन योजना दोन वेगळ्या वेळी झाल्या आणि त्या एकमेकींसमोर कोणी ठेवून पाहिल्या नाहीत, इतकंच झालं असावं. पण आता पाहा. श्रावणबाळची मर्यादा अडीच लाखांवर न्या आणि ६५ पूर्ण होणाऱ्या बाईला नव्याने अर्ज करायला न लावता एका योजनेतून दुसरीत घ्या. कागद तर सगळे शासनाकडे आधीच आहेत.

या २१ हजारांच्या मर्यादेने आणखी एक वाईट केलं आहे. दाखला मिळावा म्हणून माणसं उत्पन्न कमी लिहितात, लिहून देणारेही लिहून देतात. जन्मात कोणाची काडी न उचललेल्या बाईला सत्तराव्या वर्षी खोट्या कागदावर अंगठा उठवावा लागतो. मी तो उठवताना पाहिला आहे, आणि मला त्याची लाज वाटली आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्यांसाठी २००७ पासून दोनशे रुपयांवर थांबलेला आहे. तो आपल्या हातात नाही, पण दिल्लीत आपला आवाज पोचतो.

अंगठ्याचं म्हणाल तर तो वेगळाच छळ. साठ वर्षं नांगर, कोयता, शेणगोठा केलेल्या हातावर रेषा राहत नाहीत. यंत्र हिरवं होत नाही. एक हात धुवून पुसून, दुसरा धुवून पुसून, खोबरेल चोळून, पुन्हा पुन्हा. एकदा एक आजी चार वेळा प्रयत्न करून थकली आणि मला म्हणाली, "पोस्टमास्तरांनू, माजा अंगठा उटत नाय, तं मी जिती हाय का नाय?" मी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. ती दीड तास चालून आली होती. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा, तोही तालुक्याच्या ठिकाणी जाऊन, रांगेत उभं राहून. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. दोन्ही निर्णय चांगले. आमच्या गावाला मुक्कामाची गाडी होती, ती बंद झाली. आता सकाळी एक येते, ती कधी येते कधी नाही. तिकीट मोफत असून गाडीच नसेल तर त्या आजीने काय करावं? हयातीचा दाखला घरी येऊन घ्यावा. टपाल वाटणारा माणूस त्या घराच्या पायरीपर्यंत जातोच. तलाठी, ग्रामसेवक, आशाताई, कोणाची तरी सही पुरेशी धरावी.

मुलांनी आईबापांना बघावं, त्यासाठी २००७ चा कायदा आहे, प्रांतांकडे अर्ज करता येतो, हे मला ठाऊक आहे. तो आल्यापासून माझ्या माहितीत एकाही बाईने असा अर्ज केला नाही. पोराविरुद्ध कागद करायचा ही कल्पनाच तिला सहन होत नाही. आणि पोरगा तरी काय करणार? नालासोपाऱ्यात एका खोलीत तो, बायको, एक मूल. दुसरं मूल त्यांना परवडलं नाही, आईला न्यायचं तर निजायला जागा नाही. तो वाईट नाही. दर रविवारी फोन करतो, आई खोटं सांगते की सगळं बरं आहे.

दोन अपत्यांच्या अटीबद्दल. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद लढवता येत नाही. शासकीय नोकरीला २००५ च्या नियमांनी तशीच अट आली. ज्या राज्यात एका बाईमागे १.७ मुलं आहेत त्या राज्यात ही अट आता कोणाला अडवते? किती मुलं व्हावीत हे जिच्या हातात कधीच नव्हतं, त्या गरीब बाईला. आमच्या बाजूच्या छोट्या ग्रामपंचायतींत राखीव जागेवर उभं राहायला बाई मिळत नाही, आणि जी मिळते तिचा अर्ज यात बाद होतो. आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याकडची अशी अट काढून टाकली. त्यांच्या मुख्यमंत्र्यांनी लोकांना जास्त मुलं जन्माला घाला असंही सांगितलं. ते मला मान्य नाही. बाईला मूल होऊ देऊ नको म्हणणारं शासन आणि मूल होऊ दे म्हणणारं शासन, दोघंही तिला विचारत नाहीत. अट मात्र काढावी.

माणसं गेली की आवाजही जातो, हे आम्ही एकदा भोगलं आहे. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत, २००९ च्या निवडणुकांपासून, रत्नागिरी जिल्ह्याचे विधानसभा मतदारसंघ सातांवरून पाच झाले, सिंधुदुर्गाचे चारांवरून तीन. ज्या राजापूर मतदारसंघातून नाथ पै आणि मधु दंडवते लोकसभेत गेले, तो नावानिशी संपला. आता पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. शिमगा त्या साली मार्चच्या उत्तरार्धात आहे. म्हणजे मोजणारा येईल तेव्हा आमची घरं बंद असतील, आणि नियमाने ते बरोबरच आहे, जो जिथे राहतो तिथे तो मोजला जावा. मला भीती आहे ती नंतरची. नवे आकडे आले की कुठलंसं उपकेंद्र, कुठलंसं पद, कुठलीशी फेरी "लोकसंख्या कमी" या दोन शब्दांवर जाईल. ते आकडे येण्याआधी सभागृहाने ठरवून टाकावं की केवळ लोकसंख्या घटली म्हणून कुठल्याही गावातली आरोग्याची, प्रवासाची आणि निवृत्तिवेतनाची सोय काढली जाणार नाही. आणि प्रत्येक गावात साठीच्या पुढचे किती, पंचाहत्तरीच्या पुढचे किती, एकटे राहणारे किती, ही यादी ग्रामपंचायतीकडे असावी आणि तिच्यावर पैसे मिळावेत.

मुंबई-ठाण्यात कोट्यवधी माणसं आहेत, तिथे पैसा जायला नको का, असं कोणी विचारेल. जायलाच हवा, तिथे आमचीच मुलं आहेत. पण आमच्याकडे जे घडलं ते आमच्यापुरतं राहणार नाही. २००१ ते २०११ मध्ये वर्धा आणि भंडारा जिल्हे पाच-सहा टक्क्यांनीच वाढले, सातारा सातच्या आसपास. २०११ सालीच राज्यात शंभरातली जवळजवळ दहा माणसं साठीच्या पुढे होती. १.७ चा आकडा आला आहे तर पुढे काय होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आमच्या वाडीत आज जे दिसतं ते वीस वर्षांनी वर्ध्याच्या एखाद्या गावात आणि डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दिसेल. इथे पद्धत बसवली तर ती तिथेही कामाला येईल.

पद्धत नव्याने शोधायचीही गरज नाही. केरळने २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजाऱ्याचं दुखणं हलकं करणाऱ्या सेवेचं धोरण केलं आणि ते काम पंचायतींच्या हाती दिलं. नर्स घरोघर जाते, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलते, जखम धुते, घरच्यांना शिकवते, आणि शेजारपाजारचे स्वयंसेवक तिच्याबरोबर असतात. आमच्या आशाताई काय कमी आहेत? त्यांच्या कामाचा मोठा भाग आई आणि बाळाभोवती बांधलेला आहे, आणि आमच्या वाडीत शेवटचं बाळंतपण होऊन सहा वर्षं झाली. आशाताईला म्हाताऱ्यांच्या भेटीचा ठरलेला मोबदला द्या. ती आधीच जाते, फुकट जाते, कारण तिला राहवत नाही.

आपल्यापैकी बरेच जण गणपतीत कोकणात येता. तेव्हा घरं उघडी असतात, आरत्या चालू असतात, अंगणात पोरं दिसतात. माझी विनंती आहे, एकदा फेब्रुवारीत या, आठवड्यातल्या कुठल्याही साध्या दिवशी, सकाळच्या गाडीने. गाडी आली तर साडेनऊला फाट्यावर पोचते. मी तिथे थांबेन. पुढे पाखाडी चढून पाऊण तास चालावं लागेल, मधल्या वळणावर बसायला एक कातळ आहे, आम्ही सगळे तिथे टेकतो. खुबा मोडलेली म्हातारी आता काठी घेऊन ओसरीपर्यंत येते. तिला आधी सांगून ठेवतो, म्हणजे ती चहा ठेवेल.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा डाकपाल
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी